ढाळ नीट द्या

भिंगारमधल्या आमच्या भाड्याच्या घराची मोरी उलट्या ढाळाची आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे रामायण झालं त्याचा उगम तिथे आहे, आणि भूगोलाचा शिक्षक असल्यामुळे कुठलीही गोष्ट उगमापासून सांगायची मला खोड आहे. या मोरीत ओतलेलं पाणी भोकाकडे जात नाही. ते थोडा वेळ विचार करतं आणि मग स्वयंपाकघराकडे निघतं. लग्न होऊन सुमेधा या घरात आली तेव्हापासून ती खराटा घेऊन या पाण्याला परतवून लावते आहे. गवंडीही आणून झाले. पहिल्याने ढाळ दिला तो भिंतीकडे. दुसऱ्याने चहूबाजूंनी दिला, त्यामुळे मधोमध तळं झालं. तिसऱ्याने मोरीकडे नुसतं पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाला, "बाई, हिचं आसंच ऱ्हानार." घरमालकांचं म्हणणं असं, की पाणीच आहे, वाळेल.

सुमेधाचा दुसरा विषय म्हणजे अंथरूण. परक्या गादीवर ती पाठ टेकत नाही. लग्नानंतर आम्ही हौसेने एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. तिथल्या लॉजमध्ये तिने चादरीचा कोपरा दोन बोटांनी उचलून पाहिला, होता तसा परत ठेवला, आणि ती आमच्या ट्रंकेवर जी बसली ती पहिली एसटी सुटेपर्यंत उठली नाही. तिथला प्रसिद्ध सूर्योदय आम्ही स्टँडवरून पाहिला. त्यानंतर आमचा प्रवास म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेवढाच. भिंगारहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरात समुद्र नाही. यात माझा काही दोष नाही, नकाशा काढून बघा.

थोडक्यात, भूगोलाच्या शिक्षकाच्या बायकोने समुद्र पाहिलेला नव्हता. मी शाळेच्या सहलींबरोबर तो वरचेवर पाहत होतो. आमची मुलगी देवश्रीसुद्धा आठवीत असताना माझ्याच सहलीत पाहून आली. सुमेधाला सहलीत नेणं शक्य नव्हतं, कारण सहलीत शाळेच्या सतरंज्या असतात आणि शाळेच्या सतरंज्यांविषयी तिची मतं मी इथे लिहू शकत नाही. मग ती मलाच विचारायची. भरती-ओहोटी शिकवून घरी आलो की डबा घासता घासता प्रश्न यायचा, "पण ते पाणी परत जातं म्हणजे नेमकं कसं जातं हो?"

मी चंद्र सांगायचो, पृथ्वी सांगायचो, आकर्षण सांगायचो. एकदा तर लिंबू आणि मोसंबं घेऊन सांगितलं.

"ते कळलं," ती म्हणायची. "पण सगळं जातं? मागे साचून राहत नाही?"

असा प्रश्न माझ्या वर्गात आजवर कुणी विचारला नाही. तिला याचं समाधानकारक उत्तर मला कधी देता आलं नाही, आणि ते मला लागून राहिलं होतं.

भिंगारला लष्कराचं ठाणं असल्यामुळे आमच्या रस्त्यावरून गाड्यांचे ताफे जात असतात. एका सकाळी असाच ताफा चालला होता. एका गाडीमागे छोटा ट्रेलर होता आणि त्यावर चुली, पातेली, झारे, सगळा संसार बांधलेला. सुमेधा दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "यांचं किती बरं आहे. आपली चूल आपल्याबरोबर. अंथरुणंही आपलीच असतील."

एवढंच. हे वाक्य मी दुपारी शिक्षकांच्या खोलीत गंमत म्हणून सांगितलं, ही माझी चूक. तिथे काकासाहेब बसले होते.

काकासाहेब आमच्या शाळेत पीटी शिकवतात. राहणारे काष्टीचे, घरची शेती, घरची जीप. त्यांच्यासमोर कुठलीही अडचण बोलून दाखवू नये, कारण ते ती सोडवतात. शिट्टी गळ्यात अडकवून ते उठले आणि म्हणाले, "आवो सर, त्यात काय हाय? आमच्या काष्टीत गोरक्ष ट्रॉल्या बनवतो. उसाच्या. त्यालाच सांगू, बाबा, एक ट्रॉली घे, वर खोली बांध, आत दोन बाकडी टाक. वढायला माझी जीप हाय. दिवाळीच्या सुट्टीत वहिनींना समुद्र दाखवू. वहिनी काय उसापरीस जड हाय का?"

खर्च दोघांनी मिळून करायचा ठरला. त्यांना पुढे शेतावर राखणीला खोली होणार होती. आकडा घरात उच्चारायचा नाही, एवढाच ठराव मी मांडला आणि तो मंजूर झाला.

मी गोरक्षसाठी रीतसर आराखडा काढला. प्रमाण घातलं, उत्तर दिशेचा बाण काढला, खिडक्यांना वेगळी खूण, ओट्याला वेगळी, आणि कोपऱ्यात सूची. तीन संध्याकाळी लागल्या. तो घेऊन मी आणि सुमेधा काष्टीला गेलो. गोरक्षने आराखडा दोन्ही हातांनी धरला, लांब नेला, जवळ आणला, "लई झ्याक काढलंय, सर," म्हणाला आणि गरम भज्यांचा पुडा त्याच्यावर ठेवला. मग तो सुमेधाकडे वळला, "ताई, तुमी तोंडी सांगा."

सुमेधाने तोंडी सांगितलं. ओटा कडाप्प्याचा. खिडकीला जाळी. आणि ओट्याशेजारी हातभर मोरी. इथे तिचा आवाज बदलला. "मोरीचा ढाळ नीट द्या. पाणी थांबता कामा नये. एक थेंबसुद्धा. बाकी काही चुकलं तरी चालेल, पण ढाळ चुकायला नको. माझं सगळं आयुष्य खराट्यात गेलंय हो."

गोरक्ष गंभीर झाला. एवढ्या कळकळीने त्याच्याशी आजवर कुणी ट्रॉलीविषयी बोललं नसावं. "ताई," तो म्हणाला, "पान्याची काळजी माझ्यावर सोडा."

तिने सोडली.

आता या वस्तूला म्हणायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. काकासाहेब ट्रॉली म्हणत, सुमेधा ती खोली म्हणे. मी 'फिरतं निवासस्थान' असा शब्द तयार केला, पण तो माझ्याशिवाय कुणी वापरला नाही. सरकारी नोंदीसाठी एका कार्यालयात गेलो तर तिथले साहेब म्हणाले, खिडक्या आहेत, ओटा आहे, म्हणजे ही खोली झाली, खोलीचं कार्यालय वेगळं. त्या वेगळ्या कार्यालयातले साहेब म्हणाले, चाकं आहेत, म्हणजे वाहन झालं, मागे जा. मागे गेलो. पहिल्या साहेबांनी डोक्याला हात लावला आणि विचारलं, "यातून नेणार काय?"

"निवासाची—" मी सुरुवात केली.

"भांडी आनि गाद्या," काकासाहेब मधेच म्हणाले.

"मग असं सांगा ना. घरगुती सामान," साहेब म्हणाले आणि शिक्का मारला. मी तयार केलेली निवासस्थानाची व्याख्या खिशातच राहिली.

काम पुरं होत आल्याचा निरोप आला आणि ही बातमी गल्लीभर झाली. माझ्या उजवीकडे सोपानराव साळवे राहतात. लष्कराच्या एका भांडारात त्यांनी सारी नोकरी माल तपासण्यात घालवली. बूट, कुलपं, कंदील, तंबूचे खुंटे, जे पुरवठादार आणील ते सोपानराव तपासणार आणि परत पाठवणार. पहिल्या खेपेला त्यांनी एकही माल पास केलेला नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी याचा खास उल्लेख केला होता. ते कुंपणावरून म्हणाले, "सर, ताबा घेण्याआधी मला नेल्याशिवाय जाऊ नका. एकदा सही केली की माल तुमचा, रडणंही तुमचंच."

डावीकडे पुष्पावतीबाई. मुंबईच्या भाच्याकडून त्या नुकत्याच वास्तुशास्त्र शिकून आल्या होत्या आणि गल्लीतल्या पाच घरांचे माठ त्यांनी जागचे हलवले होते. त्यांनी सुमेधाला विचारलं, "दार कुठल्या दिशेला?"

"मागच्या," सुमेधा म्हणाली.

"मागे ही दिशा नाही, अगं."

"पण पुष्पावतीबाई," मी म्हणालो, "ते चाकांवर आहे. गाडी वळेल तसं दार फिरणार."

पुष्पावतीबाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वास्तू ती वास्तूच. ताबा घेताना ती जिथे उभी असेल तिथलं धरायचं. आणि दूध उतू घालवल्याशिवाय आत सामान नेऊ नकोस हो, सुमेधा."

ही गोष्ट मात्र सुमेधाला पटली. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू जाऊ द्यायचं, ही रीत तिला फार आवडते, आणि स्वतःच्या मालकीच्या घरात ती करायची वेळ तिच्यावर आजवर आलेली नव्हती. घर चाकांवर होतं आणि निम्मं काकासाहेबांचं होतं, पण ती मी बोलून दाखवण्यासारखी गोष्ट नव्हती. तिने पातेलं घासून लख्ख केलं, वातीचा स्टोव्ह काढला, आणि दोन नव्या उशा शिवल्या.

सुट्टी लागायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे जीपमधून काष्टीला गेलो. पुढे काकासाहेब आणि हातात छोटी हातोडी घेऊन सोपानराव. मागे सुमेधा मांडीवर पातेलं घेऊन, पुष्पावतीबाई होकायंत्र घेऊन, आणि मी उशा घेऊन. देवश्रीला तिच्या आत्याकडे ठेवलं होतं. माझ्याकडे टेप आणि गवंड्याची पाणसळ, म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी होती, ती सोपानरावांनी वाटेतच काढून घेतली आणि "ही शेवटी" म्हणून पायाशी ठेवली.

गोरक्षच्या पत्र्याच्या शेडसमोर आमची ट्रॉली उभी होती. सुमेधाने पांढरा रंग सांगितला होता. ट्रॉली हिरवी होती आणि तिला लाल किनार होती. खिडक्या दोन होत्या, जाळी होती. चारी बाजूंनी दोर बांधायचे लोखंडी हूक होते, कारण गोरक्षला हूक नसलेली ट्रॉली बनवता येत नव्हती. आणि मागे, मोठ्या पिवळ्या अक्षरांत, 'बागायतदार' असं रंगवलेलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"पेंटर समद्यांवर तेच लिवतो," गोरक्ष म्हणाला. "शोभून दिसतं."

मी आयुष्यात दोन कुंड्यांपलीकडे काही पिकवलेलं नाही. त्यातल्या एकीतली तुळस शेजारणीच्या सल्ल्याने ईशान्येला हलवल्यावर वाळली. पण तक्रार करण्याआधीच सोपानरावांनी ट्रॉलीचा ताबा, म्हणजे तपासणीचा ताबा, घेतला होता.

ते तपासणी कशी करतात हे पाहण्यासारखं असतं. आधी ते मालाभोवती मुकाट्याने फेरी मारतात. त्या फेरीतच पुरवठादार खचतो. मग हातोडीने ठोकून कान लावतात. मग कुठल्याही एका खिळ्यापाशी थांबून "हं" म्हणतात. गोरक्षवर मात्र याचा काही परिणाम होत नव्हता. तो तंबाखू मळत मागे मागे फिरत होता आणि प्रत्येक "हं"ला "व्हय व्हय" म्हणत होता.

"ह्या वेल्डिंगला भोक आहे."

"व्हय. हवा खेळती ऱ्हाती."

"हे चाक त्या चाकापेक्षा जुनं आहे."

"व्हय. आनुभवी हाय."

सोपानराव मागे गेले आणि त्यांनी कडीवर हातोडी मारली. त्याबरोबर मागची अख्खी भिंत धाडकन खाली आली. उसाच्या ट्रॉलीला मागे जसा पडता फाळका असतो, तसाच गोरक्षने खोलीला बसवला होता. भिंत हेच दार आणि पडलेली भिंत हीच पायरी. सोपानराव वेळीच बाजूला झाले म्हणून बरं, पण धुळीतून त्यांचा आवाज आला, "रिजेक्ट!"

"आवो सायेब, ती सोय हाय! ऊस कसा सरसर खाली येतो बघा."

"आत ऊस नाही," मी म्हणालो.

"मानसंबी येतील की."

पुष्पावतीबाईंना आता राहवेना. त्यांनी होकायंत्र तळहातावर धरलं आणि जाहीर केलं की दार दक्षिणेला आहे. पण दूध कुठे जातंय ते आधी बघू, त्यावर सगळं. सुमेधा फाळक्यावरून आत चढली. ओट्याच्या कडाप्प्याखालचं सिमेंट ओलं होतं, म्हणून तिने स्टोव्ह खालीच, ओट्यापाशी जमिनीवर ठेवला, पेटवला, त्यावर पातेलं चढवलं आणि ती समोर बसली. आम्ही सगळे बाहेर उभे राहून आत बघत होतो. दूध तापायला वेळ लागतो, आणि सगळे मुकाट्याने बघत असले की त्याहून जास्त लागतो. शेवटी ते वर आलं, काठावरून उतरलं, आणि जमिनीवर पडताच एका दिशेने धावत सुटलं. दोन्ही बाकड्यांच्या मधून, कुठेही न थांबता, ते फाळक्यावरून खाली उतरलं आणि पुष्पावतीबाईंच्या चपलेत गेलं.

"दक्षिणेला!" त्या किंचाळल्या. "सरळ दक्षिणेला गेलं गं!"

सुमेधाचा चेहरा उतरला. काकासाहेबांनी शिट्टी हातात घेतली, पण ती कुणावर फुंकायची ते त्यांना कळेना. गोरक्षला मात्र यात अडचण दिसली नाही. "कुठल्या बाजूला जायाला पायजे?" त्याने विचारलं.

"पूर्वेला."

"मग वळवू की."

त्याने ट्रॅक्टर आणला, ट्रॉली जोडली, सगळ्या आवारात एक चक्कर मारली आणि तिचं तोंड फिरवून दार पूर्वेला करून उभी केली. घराची वास्तू ट्रॅक्टरने दुरुस्त होताना मी प्रथमच पाहिली. पातेल्यात निम्मं दूध शिल्लक होतं. सुमेधाने पुन्हा स्टोव्ह पेटवला. दूध पुन्हा वर आलं, पुन्हा उतरलं आणि पुन्हा धावत दाराबाहेर आलं. या खेपेला पुष्पावतीबाई लांब उभ्या होत्या.

"पूर्वेला!" त्यांनी हात जोडले. काकासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. गोरक्षने तंबाखूचा बार भरला.

माझ्या डोक्यात मात्र काहीतरी खटकलं. नदी उताराकडे वाहते हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. आधी तोंड दक्षिणेला होतं तेव्हा दूध दाराकडे गेलं, आता पूर्वेला आहे तरी दाराकडेच गेलं. म्हणजे उतार आवाराला नाही, उतार ट्रॉलीलाच आहे. मी हे बोलायला तोंड उघडलं.

"थांबा!" सोपानराव म्हणाले. "उतार ट्रॉलीला आहे!"

हे मी म्हणणार होतो, असं मी दोनदा सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. सोपानरावांनी आता पाणसळ मागवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता, हलायला तयार नव्हता. मग त्यांनी बूट काढले, बाकड्यावर दाराकडे डोकं करून, सुमेधाने ठेवलेल्या उशीवर आडवे झाले आणि डोळे मिटून तपासणी केली. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होऊ लागला.

"पाय वर आहेत आणि डोकं खाली," ते पडल्या पडल्याच म्हणाले. "रक्त उतरतंय. माल नापास."

"गोरक्ष," मी शक्य तेवढ्या कडक आवाजात म्हणालो, "हे काय आहे?"

"काय म्हंजी? ढाळ." गोरक्षला आता खरंच नवल वाटलं होतं. "ताईंनीच सांगितलं हुतं. बाकी काय बी चुकू दे, ढाळ चुकायचा न्हाई. पानी येक थेंब ऱ्हायचं न्हाई. म्या म्हनलं, मोरीलाच कशाला? समद्या खोलीलाच दिऊ. पार वट्यापासनं दारापतूर. लई जीव लावून दिलाय."

सगळ्यांनी सुमेधाकडे पाहिलं. ती रिकामं पातेलं हातात धरून ओट्यापाशी उभी होती.

"सरळ करून द्या," मी म्हणालो.

"दिऊ की. पर आता कारखाना सुरू व्हायचा, गळीत हंगाम हाय. दारात उसाच्या ट्रॉल्यांची लाइन लागलीया. हंगाम संपल्यावर करू. उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात माझे परीक्षेचे पेपर, त्यानंतर देवश्रीच्या दहावीचे वर्ग, त्यानंतर पाऊस. आमच्यासारख्यांच्या घरात उन्हाळ्यात करू म्हणजे नाही करू, हे मला कळत होतं आणि सुमेधालाही कळत होतं. मला फार वाईट वाटलं. शाळाभर सांगून झालं होतं, ते जाऊ द्या. पण तिने दोन उशा शिवल्या होत्या, आणि त्यातली एक आता सोपानरावांच्या डोक्याखाली होती.

"राहू दे हो," सुमेधा म्हणाली. "इतकी वर्षं नाही पाहिला, काय अडलं?" मग तिने जमिनीकडे पाहिलं. "हे दूध तेवढं धुऊन घेते. वास राहील लोकांच्या ट्रॉलीला."

काकासाहेबांनी हौदातून बादली भरून आणून दिली. सुमेधाने पदर खोचला, सवयीने इकडेतिकडे खराटा शोधला, तो नव्हता, म्हणून तिने बादली ओट्यापाशी तशीच पालथी केली. पाणी दुधावरून गेलं, बाकड्यांमधून गेलं, फाळक्यावरून खाली उतरलं आणि संपलं. सुमेधा वाकून पाहू लागली. कोपऱ्यात बघितलं, बाकड्याखाली बघितलं. बोटाने जमीन चाचपली.

"अजून एक द्या," ती म्हणाली.

दुसरी बादली दुधासाठी नव्हती, जमीन स्वच्छ झाली होती. तीही गेली. तिसरी तिने हळूहळू ओतली, कडेकडेने, मुद्दाम चुकवून, भिंतीवर मारून. पाणी जिथे पडेल तिथून सरळ दाराकडे जात होतं. कुणी हाकलावं लागत नव्हतं. तिसरी बादली संपल्यावर ती ओल्या जमिनीच्या मधोमध उभी राहिली आणि मला म्हणाली, "अहो, इकडे या. बघा ना. काही राहत नाही."

लग्नानंतर एवढी खूश मी तिला क्वचित पाहिली होती. मी आत गेलो आणि बघितलं. खरंच काही राहत नव्हतं.

"सोपानभाऊ, उठा जरा," ती म्हणाली. सोपानराव उठले. तिने त्यांच्या डोक्याखालची उशी काढली, झटकली आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला, ओट्याकडे ठेवली. "आता झोपा."

ते झोपले. डोकं वर, पाय खाली. त्यांच्या चेहऱ्याचा रंग परत येऊ लागला.

"कसं वाटतंय?"

"तसं बरं आहे," ते नाइलाजाने म्हणाले. "पण वहिनी, नियमाने माल नापास आहे."

"तुम्ही माल बघितलात, भाऊ. मी घर बघतेय." मग ती दाराशी आली. "गोरक्षभाऊ, सरळबिरळ काही करू नका. आहे तश्शी द्या. आम्ही ताबा घेतला."

माझी सही मला कुणी विचारली नाही. गोरक्षने मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, ताईंना कामातलं कळतं." सोपानराव परतीच्या वाटेवर हातोडी पुसत बसले होते. भिंगार जवळ आल्यावर ते म्हणाले, "सशर्त पास म्हणू. उशी ओट्याकडे, या अटीवर." त्यांच्या कारकिर्दीत असं प्रथमच घडत होतं, त्यामुळे पुष्पावतीबाईंनीही त्यांना त्रास दिला नाही.

दिवाळीचा फराळ डब्यात भरून आम्ही निघालो. काकासाहेबांच्या मंडळी गुरं सोडून येणार नव्हत्या, म्हणून ते एकटेच, आणि आम्ही तिघं. घाट उतरताना मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. वाटेत एकदा फाळका पडला आणि एक उशी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने आणून दिली. एका चौकीवर पोलिसाने थांबवलं, मागची अक्षरं वाचली आणि मला विचारलं, "बागायतदार, यंदा पीक काय?" मी भूगोल म्हणालो. त्याने जाऊ दिलं. रात्री सुमेधा आपल्या गादीवर, आपल्या उशीवर, डोकं ओट्याकडे करून शांत झोपली, आणि सकाळी उठून तिने सगळी खोली एका बादलीत धुतली.

रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी, सुपारीच्या वाड्या संपून वाळू लागते तिथे काकासाहेबांनी जीप वळवली आणि ट्रॉलीची पाठ समुद्राकडे करून उभी केली. वाळू उडते म्हणून दोन्ही खिडक्या लावून सुमेधा तेव्हा आत चहाची तयारी करत होती. तिला काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. देवश्रीने कडी काढली, आणि मागची भिंत धाडकन वाळूवर पडली.

सुमेधा चहाची भुकटी हातात धरून ओट्यापाशी उभी राहिली. मग ती हळूहळू चालत फाळक्यापर्यंत आली आणि त्याच्या कडेवर बसली. ओहोटी लागली होती. लाट येत होती, वाळूवर लांबवर पसरत होती आणि मागे फिरत होती. ती गेली की मागे नुसती ओली, सपाट, चकचकीत वाळू राहत होती. सुमेधा एक लाट बघायची, ती पूर्ण गेली की मगच दुसरीकडे बघायची.

आत स्टोव्हवरचं पाणी उकळून आटायला आलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. चंद्राबद्दल सांगावं असं मनात होतं. इतकी वर्षं राहिलेलं उत्तर आता समोर दाखवून देता येण्यासारखं होतं.

तिने पदराने डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"ढाळ किती नीट दिलाय हो," ती म्हणाली.

मी चंद्राबद्दल काही बोललो नाही.